विरळ द्रावणाचा आलेख

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी शहाद्याच्या कॉलेजात प्रकल्पासाठी माझी जोडी लागली ती तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पावरा आदिवासी मुलीशी. होस्टेलवर आमची खोलीही एकच. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. सांधे दुखायला लागले की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि मी गरम पाण्याची पिशवी भरून आणायचे.

प्रकल्प साधा होता. दुखण्यावर चोळायच्या मलमाला ज्या विंटरग्रीन तेलाचा वास येतो, त्याच्या रेणूत हायड्रोजन बंध आतल्या आत जुळलेला असतो का, हे इन्फ्रारेड यंत्रावर पाहायचं. त्यासाठी द्रावण पातळ करत जायचं. बंध शेजारच्या रेणूशी असेल, तर रेणू लांब गेल्यावर तो तुटतो आणि आलेखाच्या रेषेत त्याची म्हणून जी खळगी पडते ती सरकते. आतलाच असेल, तर कितीही पातळ करा, ती जागची हलत नाही.

"रोज अंगाला चोळते, आता आतूनही बघते," ती म्हणाली होती.

काच यंत्रातले किरण अडवते, म्हणून द्रावण भरायचं ते मिठाच्या दोन चकत्यांमध्ये. दमट हवेत त्या धुरकटतात, म्हणून यंत्राच्या खोलीत एसी सतत चालू. आणि तिला थंडी अजिबात सोसायची नाही, गारठ्याने तिचं दुखणं उसळायचं. शाल गुंडाळून ती यंत्रापुढे बसायची.

ऐन पावसाळ्यात आम्ही शेवटची मोजणी घेतली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"चाल भाईर, तुले थंडी वाजी ऱ्हायनी," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडी घरची अहिराणीच येते.

"एकच द्रावण राहिलंय गं. तेवढं होऊ दे."

आलेख निघाला. आधीच्या कागदावर तो ठेवून तिने उजेडात धरला. खळगी तिथंच होती. "बघ, हलली नाही," ती म्हणाली, आणि उठताना टेबलाला धरून खाली बसली.

संध्याकाळी तिच्या छातीत कळा सुरू झाल्या. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त दिलं. आठवडा संपायच्या आत ती गेली. "थंडीनेच झालं, असं नाही म्हणता येत. छातीत संसर्गही होता," डॉक्टर म्हणाले. मला त्याने काही हलकं वाटलं नाही.

होस्टेलवरची तिची कपड्यांची पेटी न्यायला तिचे वडील आले. घरी ते पावरी बोलायचे. माझ्याशी शब्द शोधत मराठीत बोलले.

"पोरगी काय काम करत होती?"

मी सांगायला गेले. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी, कागदावरच्या रेषेवरून ओळखायचं, असं काहीबाही बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग सापडलं?"

"सापडलं, काका."

"तिला कळलं होतं?"

"हो. तिनेच आधी पाहिलं."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या गावाच्या वाटेवरची, म्हसावदकडची एसटी लागली होती. पेटीची एक कडी मी धरली, दुसरी त्यांनी, आणि स्टँडवरच्या चिखलातून आम्ही गाडीपर्यंत गेलो.