अंकलनी न उठवलेले जेलीफिश

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार क्वेकर्स हिलच्या अंकलचे. अंकल म्हणजे माझे घरमालक, मूळचे वसईचे. झोपलेल्याला उठवणं हे पाप आहे, असं इतकं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरा नसेल. तीस वर्षं त्यांनी ब्रेडच्या फॅक्टरीत रात्रपाळी केली. ते दिवसा झोपत तेव्हा आंटी विणकाम घेऊन अंगणात बसायच्या आणि शेजाऱ्याने गवत कापायचं मशीन काढलं की केकचा तुकडा देऊन त्याला परत पाठवायच्या. आंटी गेल्या, अंकल रिटायर झाले, पण पहारा त्यांनी सोडला नाही. दारावरच्या घंटीची बॅटरी काढलेली. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. मी झोपलेला असलो की ते कुंपणावर ओरडणाऱ्या मॅगपाय पक्ष्यालासुद्धा हातवारे करून दटावत.

लॉकडाउनमध्ये युनिव्हर्सिटीची प्रयोगशाळा बंद झाली आणि माझ्या संशोधनातले जेलीफिश परवानगीने अंकलच्या गॅरेजमध्ये आले. तळाशी उलटे पडून छत्री उघडमीट करणारे हे जीव. त्यांना मेंदू नाही, तरी रात्री ती उघडमीट मंदावते. म्हणजे झोप मेंदूपेक्षाही जुनी असावी. ती खरी झोप आहे का, हे ठरवायला त्यांना जागवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते पेंगतात का पाहायचं. स्कॉलरशिप संपत आली होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तालुक्याच्या शाळेतून इथवर आलो होतो ते प्रबंध अर्धा टाकून परतायला नव्हे.

दिव्यांच्या वेळा उलटवून, दाराला ब्लँकेटं लावून मी जेलीफिशची रात्र आपल्या दुपारी आणली. त्या वेळी मला ऑनलाइन वर्ग घ्यावा लागे, म्हणून दर वीस मिनिटांनी पाण्याची हलकी पिचकारी मारायचं काम अंकलकडे दिलं. आठवडाभर जेलीफिश रोज दुसऱ्या दिवशी टवटवीत. त्यांना झोपेची गरजच नाही, असं मार्गदर्शक बाईंना लिहायला बसलो आणि नोंदवही उघडली. ‘उठवले’ या रकान्यात अंकलच्या सुबक अक्षरात प्रत्येक वेळी एकच वाक्य होतं: ‘पाहिले. गाढ झोपेत आहेत.’ शेजारी लाल टॉर्चच्या उजेडात मोजलेली उघडमीट.

“अंकल, आठवडा गेला माझा.”

“अरे बाबा, हात उचलला होता मी. पण इतक्या विश्वासाने झोपले होते.”

मी रागाने वही मिटली. संध्याकाळी पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं, की न जागवलेल्या जेलीफिशची नोंद मला तुलनेसाठी हवीच होती, आणि इतकी नेटकी नोंद माझ्या हातून झाली नसती. आता जागवण्याचा आठवडा नव्याने करायचा होता. अंकलनी पिचकारी मागून घेतली. “मीच करतो. नाहीतर तू हे रात्री जागून करशील. तुझी झोप जायला नको.” वर्ग घेताना भिंतीपलीकडून मला दर वीस मिनिटांनी ऐकू यायचं, एकेका जेलीफिशला वेगळं: “सॉरी, मेट. सॉरी, मेट.”

या वेळी ते पेंगले.

पुढे नोकरीसाठी होबार्टला आलो. तिथून त्यांना पाठवलेलं पत्र हे:

“प्रिय अंकल,
प्रबंध मंजूर झाला. पहिल्या पानावर आईवडिलांच्या खाली तुमचं नाव आहे. इथे शेजारी रात्रपाळीची नर्स राहते, म्हणून मी दिवसा गवत कापत नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत अंधार पडतो. गवत गुडघ्याला लागलंय. पलीकडचे शेजारी आपलं मशीन घेऊन दुपारी मदतीला यायचं म्हणतायत. आंटी केक कसा करायच्या, तेवढं कळवा.”