उधारीच्या मिक्सरची चटणी

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पासबुक छापायला आलेला माणूसही एखादा ठेवून जातो! मी अकोल्याचा, पण चांदूर रेल्वेच्या शाखेत सहा वर्षं काढली. लागोपाठ नापिकीची वर्षं होती. क्रेडिट स्कोर पाहिल्याशिवाय साहेब लोक फाइल पुढे सरकवत नसत. त्यामुळे तो कसा वाढवायचा, यावर माझं प्रवचन दिवसभर चालायचं.

*

शकीलाबी शिवणकाम करायच्या. पुढच्या जूनपर्यंत मोटारीवर चालणारी नवी शिलाई मशीन आली, तर शाळेच्या गणवेशांचं काम त्यांना मिळणार होतं. कॉम्प्युटरवर पाहिलं, तर स्कोरच नाही!

“कधी कर्ज घेतलं नाही का?”

“तोबा! माह्या घरवाल्यानं कोणाचा चहाबी उधार नाही पेला.”

“म्हणूनच कर्ज मिळत नाही.”

“म्हणजे इमानदारीची सजा हाये काय, साहेब?”

मला वाईट वाटलं. नियम माझा नव्हता, पण सांगत मी होतो. म्हटलं, काहीतरी लहानसं हप्त्यांवर घ्या आणि वेळेवर फेडा, म्हणजे स्कोर तयार होईल.

त्यांनी मिक्सर घेतला. आठव्या दिवशी हजर! सगळे पैसे एकदम देऊन आल्या होत्या.

“अहो, का पण?”

“उधारीच्या मिक्सरची चटणी गळ्याखाली उतरून नाही राहिली!”

मग त्यांना हप्त्यांवर कूलर घ्यायला लावला आणि एकदम न फेडण्याची शपथ घातली.

*

मोबाइल दुकानवाल्या प्रमोदचा स्कोर सहाशे दहा निघाला. कमी आहे म्हटल्यावर तो भडकलाच.

“दहावीत पस्तीसवर पास केलं होतं मले! इथं सहाशे घेऊनबी नापास?”

*

नामदेवराव शेंदूरजनाघाटच्या साळ्याच्या गाडीला जामीन राहिले. साळ्यानं हप्ते थकवले आणि स्कोर पडला नामदेवरावांचा! बायकोचं माहेर, भांडताही येईना.

त्यांनी युक्ती केली. दर महिन्याच्या एक तारखेला सासुरवाडीला मुक्काम! जावई म्हटल्यावर पुरणपोळी आली, तूप आलं. हप्ता भरेपर्यंत जावई हलेना.

तिसऱ्या महिन्यात सासूबाईच मुलावर ओरडल्या, “भरून टाक रे बाबा! तूप पुरून नाही राहिलं!”

*

मे महिन्यात शकीलाबींचा स्कोर उघडला. सातशेच्या वर! मशीनचं कर्ज मंजूर झालं. मला इतका आनंद झाला, की मी साऱ्या शाखेला चहा पाजला.

सह्या करता करता त्यांनी विचारलं, “साहेब, तुमचा किती हाये?”

मी फाइल चाळू लागलो. मागून कॅशियर बाई म्हणाल्या, “त्यायले नका विचारू! गाडीचे दोन हप्ते थकले त्यायचे.”

शाखा हसली. शकीलाबी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाल्या,

“जामीन पाहिजे काय, साहेब? मी हाये न!”