सयाजीच्या डोळ्यावरचं वजन

चिमणाबाई मूळची चंदगडची. एकोणपन्नास साली कोल्हापुरात नृसिंह डॉक्टरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आया म्हणून लागली आणि काचा पुसता पुसता तपासणीचा दिवा चालवायलाही शिकली. त्या दिव्याची बारीक तिरीप बुबुळावर पाडली, की वरच्या पारदर्शक पडद्याची जाडी दिसायची. डॉक्टर ती नजरेनंच सांगत. छप्पन्न साली दिव्याला जोडायची मोजणीची काच आली. तेव्हापासून चिमणाबाई डॉक्टरांचा अंदाज आणि काचेचा आकडा ताडून बघू लागली. निरोगी डोळ्यात दोन्ही जुळत. पडदा सुजलेला, गढुळलेला असला, की डॉक्टरांचा अंदाज हमखास जास्त निघे.

"काचेतच दोष आहे," डॉक्टर म्हणत.

एका सोमवारी हुपरीचा चांदी कारागीर सयाजी आला. चांदीची कपची उडून डोळ्यात जखम झालेली. डॉक्टरांनी दिव्यातून पाहिलं. "पडदा सुजून चांगला जाड झालाय. डोळ्यातला दाब मोजून घेऊ."

दाब मोजायचा म्हणजे डोळ्यावर छोटं वजन टेकवायचं. चिमणाबाईनं ते उचललं, पण दिलं नाही. डॉक्टर यायच्या आधीच तिनं काचेनं मोजलं होतं. कडेला सूज होती खरी, पण जखमेच्या मधोमध पडदा पाव मिलिमीटरही उरला नव्हता. धड डोळ्यात अर्धा असतो.

"वजन द्या."

"न्हाय द्यायची. डोळा फुटंल."

"इथं डॉक्टर कोण?"

"तुमीच की. मग तुमीच मोजा."

सयाजी स्टुलावरून ओरडला, "आधी ठरवा की दोघं! डोळा माजा हाय."

"चिमणाबाई, वजन ठेवा आणि उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज काचेतनं बघा, मधोमध. तवर ह्ये माज्या मुठीत ऱ्हाईल."

डॉक्टर रागानं दिव्यापुढे बसले. काच फिरवून प्रकाशाच्या दोन कडा एकमेकींना भिडवल्या, आकडा वाचला. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवताना हात सावकाश झाला होता.

"सयाजी, डोळ्याला हात लावायचा नाही. आत खाटेवर झोपा." मग चिमणाबाईकडे न बघता, "पट्टी हलकी बांधा."

"बांधते. आन् उद्या?"

डॉक्टर दिव्याची काच पुसू लागले.

"मी येणार," ती म्हणाली. "पट्टी सोडायला माणूस पायजे. मग कामावरनं काढा खुशाल."

दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला ती हजर होती. सयाजी तीन आठवडे राहिला आणि डाग पडलेला, पण शाबूत डोळा घेऊन हुपरीला गेला. आपली नोकरी राहिली की गेली, हे चिमणाबाईनं कधी विचारलं नाही.