सामानापाशी शालूकाकी

आमच्या घरची सहल निघाली की कुठे जायचं यावरून भांडण होतं, पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून होतं, मटण किती घ्यायचं यावरून तर होतंच. सामानापाशी कोण थांबणार यावरून मात्र आजवर एकदाही झालं नाही. शालूकाकी थांबणार. जणू सरकारनेच तिची नेमणूक केली होती, बिनपगारी आणि बदली नसलेली.

शालूकाकी म्हणजे माझ्या विजयसिंहकाकांची बायको. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं अंबाबाईला गेले, तेव्हा मिसळीच्या नादात काकांनी तिची माहेरची पिशवी पैठणीसकट कुठेतरी घालवली. त्यावर गारगोटीच्या आमच्या घराने फार शहाणपणाचा निर्णय घेतला. काकांच्या हातात काही द्यायचं नाही, सगळं काकीकडे द्यायचं. चूक काकांची, जन्मठेप काकीला! जोतिबाला तिने चपला सांभाळल्या, महाबळेश्वरला स्वेटर. गोव्याला अख्ख्या खानदानाचे कपडे मांडीवर घेऊन समुद्राकडे पाठ करून बसली, कारण कपड्यांवर एका कुत्र्याचा डोळा होता. सख्ख्या बहिणीच्या लग्नात दागिन्यांच्या खोलीबाहेर बसली आणि अक्षता तिथूनच भिंतीवर टाकल्या. कधी काही हरवलं नाही, म्हणून तिला कुणी उठवलंही नाही.

ती बहीण जयसिंगपूरला दिली आहे. तिच्याकडे जाताना एसटीच्या खिडकीतून काकीला मौजनगरी नावाच्या नव्या करमणूक बागेचा पाळणा दिसायचा. जत्रेतला नव्हे, उसाच्या आणि झाडांच्या वर आभाळात फिरणारा. तो दिसेनासा होईपर्यंत ती मान वळवून बघायची. या उन्हाळ्यात सगळ्यांनी तिथेच जायचं ठरवलं, तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी त्या पाळण्यात बसणार हाय."

काका हसले. "शाले, तुला तिकीट कशाला? तू गाडीपाशीच असतीस की."

त्या हसण्याच्या रागात मी मोबाइलवर लगेच तिचंही तिकीट काढलं.

मौजनगरीत जायचं म्हणजे आधी तिच्या पार्किंगमध्ये जायचं. ते पार्किंग आमच्या गावठाणाहून मोठं. खांबांवर प्राण्यांची चित्रं, म्हणजे कुणाची गाडी वाघात, कुणाची हरणात. शिट्टीवाल्याने आमची भाड्याची क्रूझर सशात लावायला सांगितली आणि काका पेटले. "आमी सशात?" त्यांनी भांडून भांडून हत्ती मिळवला. हत्ती आणखी लांब होता. मग मटणाचं पातेलं दोघादोघांनी धरून आम्ही उन्हातून चालत पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये पोचलो.

तिथे मनगटाला पिवळा पट्टा बांधतात, पिशव्या तपासतात आणि आगगाडीसारख्या रंगवलेल्या डब्यांत बसवतात. डबे ट्रॅक्टर ओढतो. तपासणीच्या बाईने पातेल्याचं झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला आणि झाकण परत ठेवलं.

"बाहेरचं खाणं आत न्यायचं न्हाय."

"बाहेरचं कुठं? घरचं हाय की!" काका शेडभर ऐकू जाईल असं ओरडले.

बाई ढिम्म हलली नाही. बंद गाडीत ठेवावं तर ऊन असं की दुपारपर्यंत मटण आंबलं असतं. सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला वळले. काकीने ते डोळे ओळखले. पट्ट्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि पातेल्याशेजारी बसली.

"जावा तुमी."

आणि गेले की हो सगळे! काका तर पहिले चढले. मला इतका संताप आला की मी डब्यातून उतरून तिच्याजवळ येऊन बसले.

"काकी, का गप्प बसलीस?"

"मटण टाकून कसं जायचं, वर्षे? पहाटंपासनं राबलोय त्यात."

समोर पाळणा फिरत होता. काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं, म्हणून ती झाकणावरची नसलेली माशी हाकलू लागली.

तेवढ्यात आमच्या माणसांना सोडून परतलेला ट्रॅक्टरवाला, सयाजी नाव त्याचं, सावलीला आला आणि त्याने जेवणाचा डबा उघडला. दोन कोरड्या चपात्या आणि लोणचं.

"पावणं, एवढंच?" काकीने विचारलं.

"रोजचंच हाय की, मावशी."

काकीने त्याच्या डब्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग वर पाळण्याकडे. "वर्षे," ती सावकाश म्हणाली, "पातेलंच मोकळं झालं, तर सांभाळायचं काय?"

आमच्या घरात एवढा सरळ विचार आजवर कुणी केला नव्हता. मी भाकऱ्यांचं फडकं सोडलं. सयाजीच्या मागोमाग शिट्टीवाले आले, झाडूवाल्या आल्या, पाळण्याची दांडी लावणारा मधल्या सुट्टीत आला. शेवटी तपासणीची बाईही आली, कारण बंदी आत न्यायला होती, बाहेर खायला नव्हती. रस्सा भुरकल्याचा आवाज शेडभर झाला. काकी प्रत्येकाला आग्रह करून वाढत होती. तळ दिसल्यावर तिने नळावर पातेलं घासलं, पालथं घातलं आणि हात पुसले.

"चला पावणं, सोडा आमाला पाळण्यापाशी."

सयाजीने ट्रॅक्टर असा सोडला की डब्यांतली माणसं देवाचं नाव घेऊ लागली.

आमचं खानदान पाळण्याच्या रांगेतच होतं. काका दचकले. "शाले, तू हितं? मग मटणापाशी कोण हाय?"

"कोण न्हाय."

पाळण्यात चपला आणि पिशव्या न्यायला मनाई होती. काकीने चपला काढून आपल्या हातातल्या पिशवीत घातल्या आणि पिशवी काकांच्या हातात कोंबली. "धरा. ह्या खेपंला हरवू नका."

मघाच्या दांडीवाल्याने आम्हांला बाजूने आत घेतलं. काका तोंड उघडेपर्यंत आम्ही वर होतो. काकी ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने माझा हात घट्ट धरला आणि रस्त्याकडे बोट केलं.

"ती बघ, जयसिंगपूरची एसटी. केवढीशी दिसतीया!" आणि ती लहान पोरीसारखी खदखदून हसली. मला फार बरं वाटलं.

खाली आल्यावर दांडीवाला दांडी काढायला पुढे झाला. "ऱ्हाऊ दे," काकी म्हणाली, "अजून एक फेरी." जेवून गेलेला माणूस तो, काय बोलणार?

काका दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून उभे होते. "अगं, भूक लागलीया! आनि ह्या पिशवीचं मी काय करू?"

पाळणा पुन्हा वर निघाला.

"सामानापाशी थांबा!" काकी वरून ओरडली.