विमानातल्या वाय-फायची अर्धी गोष्ट

सेमिनारचे विषय वाटले त्या सोमवारी मी उशिरा पोहोचले. गावाहून परत येताना आमची एसटी लोह्याच्या अलीकडे बंद पडली होती. वर्गात शिरले तेव्हा सगळे बरे विषय संपले होते. सरांनी यादी बघितली आणि म्हणाले, "एकच उरलाय. प्रवासी विमानांतलं इंटरनेट आणि त्याचे सुरक्षेचे धोके. घे."

मी घेतला. नाही म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही.

विमान मी तोपर्यंत फक्त खालून पाहिलेलं होतं. नांदेडला हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ते डोक्यावरून जायचं, आणि मैत्रिणी हसतील म्हणून मी मान वर न करता नुसते डोळे वर करायचे. आता त्याच विमानाच्या आत कोणती तार कुठं जाते, हे मला साठ जणांना सांगायचं होतं.

मी मनापासून अभ्यास केला. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अभ्यास म्हणजे वहीत उतरवून काढणे, असंच मला वाटतं. मी एक अख्खी दोनशे पानी वही भरली. सरांना दाखवली. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "यातलं तुझं कोणतं?" मी वही परत घेऊन पानं उलटायला लागले. मग ते म्हणाले, "ज्याला यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाला समजावून बघ. त्याला कळलं, तर तुला कळलं. आणि हो, सुरुवात धोक्यापासून कर. भीती वाटली की पोरं जागी राहतात."

दोन्ही गोष्टी मी जशाच्या तशा पाळल्या. पुढचं सगळं त्यातून झालं.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. थोडी शेती आणि घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान. पुढच्या शनिवारी मी घरी गेले, तोवर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं की धाकटी कॉलेजात विमानावर बोलणार आहे. साखर घ्यायला आलेल्या एका म्हातारीने विचारलं, "कोण गेलं रं?"

तिचं चुकलं नव्हतं. आमच्या समाजात माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा लावून जी खुर्ची सजवतात, तिला आमच्याकडे विमान म्हणतात. गावात 'विमान बांधायलेत' असं कुणी म्हणालं, की बायका हातातलं काम टाकून घर कुणाचं ते विचारतात.

रविवारी सकाळी मी आईला समोर बसवलं. ती ज्वारी निवडत होती. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "समज, आई, तू विमानात बसली आहेस."

"एवढ्यात कशाला बसवतीस गं मला?"

"ते विमान नव्हे. उडायचं."

"मग तसं म्हण."

मी पुन्हा सुरू केलं. विमानात वाय-फाय असतं. विमानाच्या पाठीवर एक अँटेना असतो, तो उपग्रहाशी बोलतो, आणि त्यातून प्रवाशांच्या मोबाईलला नेट मिळतं. समोरच्या सीटच्या मागं छोटा पडदा असतो. त्यावर विमान आत्ता कुठं आहे, किती उंचावर आहे, हे दिसतं. म्हणजे त्या पडद्याला विमानाची माहिती मिळते. "आता समज, तुझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मनात वाईट आहे. तो मोबाईल काढतो, वाय-फायला जोडतो, वाय-फायमधून पडद्यात शिरतो आणि पडद्यातून थेट..." इथं मी थांबले. वहीत मी तिथं कंसात 'थांबणे' असं लिहून ठेवलं होतं.

आईचा हात सुपातच राहिला. "थेट कुठं?"

"पायलटच्या यंत्रापर्यंत पोचू शकेल का? हा प्रश्न आहे."

मग मी दुसरा धोका सांगितला. शेजारचाच माणूस विमान कंपनीच्या नावानं स्वतःचं खोटं वाय-फाय उभं करतो, आपण भोळेपणानं त्याला जोडतो, आणि आपले पासवर्ड त्याच्याकडे जातात. आई ऐकत राहिली. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन याआधी कुणी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं.

माझ्या सेमिनारचा दुसरा भाग होता, हे सगळं इतकं सोपं का नाही. तो सुरू करणार, तेवढ्यात मागच्या अंगणात वासरू सुटलं. आई धावली. परत आली ती पातेलं चुलीवर चढवायलाच. मी विचारलं, "कळलं का?"

"कळलं की."

मी वहीत लिहिलं, 'श्रोत्यांना विषय समजला.'

कॉलेजात सेमिनार बरा झाला. शेवटी सरांनी प्रश्न विचारले. "विमानात कधी बसलीस?"

"नाही, सर."

"मग वाय-फाय कोणतं वापरतेस?"

"हॉस्टेलचं, सर."

"ते कसं आहे?"

"सुरक्षित आहे, सर. चालतच नाही."

मी खरंच तेवढंच सांगायला गेले होते. वर्ग हसला आणि मला चांगले मार्क पडले.

फेब्रुवारीत बंगळुरूहून दाजींचा फोन आला. अक्का, माझी थोरली बहीण, लग्न होऊन तिकडेच असते. तिला नववा महिना चालू होता आणि आई पंधरा दिवसांनी रेल्वेने जायची ठरली होती. पण त्या मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, गुरुवारी सकाळीच ऑपरेशन करावं लागेल. दाजींची आई हयात नाही. अक्काने फोनवर मला एकच सांगितलं, "आईला म्हणावं, मला आत न्यायच्या आधी ये."

रेल्वेत जागा नव्हती. असती तरी ती गाडी गुरुवारी उजाडताना तिकडे पोहोचते, आणि गाडीला उशीर झाला तर संपलंच. दाजींनी कुणाला न विचारता बुधवारचं नांदेड ते बंगळुरू विमानाचं तिकीट काढून पाठवलं.

आईने नाही म्हणून सांगितलं.

मला आप्पांचा फोन आला. "तुझी आई म्हणायली, विमानात शेजारचा माणूस मोबाईलवरून विमान पाडतोय. कुणी सांगितलं म्हणलं, तर म्हणती, कॉलेजात शिकवतेत." मग म्हणाले, "तू पेरलीस, तूच येऊन उपट."

दुपारच्या एसटीने मी निघाले. वाटेत पूर्ण वेळ मी सेमिनारचा दुसरा भाग तोंडातल्या तोंडात म्हणत होते. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "परीक्षा हाय का, बाय?" मी हो म्हणाले.

घरी पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई पिशवी भरून बसली होती. डिंकाचे लाडू, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, बाळंतशेपा. जायची तयारी पूर्ण होती, फक्त जायचं नव्हतं. मला बघून ती म्हणाली, "माझं भ्या माझ्यासाठी न्हाई. मीच वाटेत गेले तर तिच्याजवळ कोण बसंल?"

मी तिच्यासमोर बसले. यावेळी कपाटाला पाठ लावली नाही.

"आई, मी तुला अर्धंच सांगितलं होतं. प्रवाशांचं नेट वेगळं असतं आणि विमान चालवायची यंत्रं वेगळी. मधे भिंत असते."

"मग त्या पडद्यावर इमान कुठं हाय ते कसं दिसतं? भिंतीतून?"

हा प्रश्न सेमिनारच्या दिवशी साठ जणांत कुणालाही सुचला नव्हता. मी वहीतले शब्द शोधायला लागले आणि ते सगळे इंग्रजी निघाले. शेवटी मी म्हणाले, "आपल्या हिरीच्या पाइपाला खाली फुटवॉल असतो ना? पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. तसंच आहे. माहिती पडद्याकडे येते. पडद्याकडून मागं काही जात नाही."

मला वाटलं, जिंकले. पण आई फुटवॉलपाशीच अडली.

"फुटवॉलमधी काडी अडकली की पाणी मागं जातंच की. मागल्या साली मोटर किती डाव कोरडी फिरली?"

आप्पा दुकानातून म्हणाले, "चार."

मी वाचलेल्या सगळ्या कागदांचं सार तेच होतं, हे मला तेव्हा कळलं. जाणकारांचा वाद नेमका त्या काडीवरच चालू होता. मी दोनशे पानं उतरवून काढली आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. आईने ज्वारी निवडता निवडता ऐकलेल्या अर्ध्या सेमिनारवरून ते काढलं.

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. 'कधीच होऊ शकत नाही' एवढं म्हटलं असतं तर ती गेली असती. पण तीच आधी म्हणाली, "खरं सांग. असं कधी झालंय का?"

"मी वाचलं त्यात, मोबाईलवरून विमान पाडल्याचं कुठं नाही. जाणकारांनी चुका शोधल्या, कंपन्यांनी दुरुस्त केल्या, आणि काही ठिकाणी भांडणंही झाली. पण पुढं कधीच होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. मला तेवढं येत नाही, आई. मी स्वतः बसलेलीसुद्धा नाही."

"मग कॉलेजात कसं सांगितलीस?"

"सर म्हणाले, भीती घातली की पोरं जागी राहतात."

"म्हंजे आमाला भेव घालून मार्कं घेतलीस."

"हो."

आप्पा दुकानात मोठ्याने खोकले. ते हसत होते.

आई पिशवीची नाडी ओढत राहिली. मग तिने विचारलं, "फुटवॉल बघतं कोण?"

"म्हणजे?"

"आपला तुझे आप्पा काढून बघतेत. इमानाचा कोण बघतं?"

"त्याला माणसं असतात. त्यांचं तेच काम असतं. उडायच्या आधी विमान तपासतात, त्यावर सही करतात, मगच सोडतात."

"रोज?"

"रोज."

"मग आधी ते सांगायचं सोडून पडद्याचं काय सांगत बसलीस?" ती उठली. "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय?"

नांदेडच्या विमानतळावर मी तिला सगळं समजावून देणार होते. दारावरच्या जवानाने माझ्याकडे तिकीट मागितलं. मी म्हणाले, माझं नाही, आईचं आहे. तो म्हणाला, मग तुम्ही इथंच थांबा. विमानाच्या सुरक्षेवर वीस मिनिटं बोललेल्या मला सुरक्षेच्या पहिल्याच माणसाने थांबवलं. आई लाडवांची पिशवी घेऊन एकटीच आत गेली. काचेतून मला दिसलं, तिने पुढच्या बाईला काहीतरी विचारलं आणि त्या बाईच्या मागोमाग अगदी बरोबर रांगेत जाऊन उभी राहिली.

दुपारी तिचा फोन आला. पोहोचली होती. मी घाईने विचारलं, "नेट होतं का विमानात?"

"त्या पोरीला इचारलं ना मी. वाढायला आलती ती. म्हणलं, बाय, तुमच्या इमानात मोबाईलचं नेट हाय का. ती म्हणली, सॉरी, मावशी, आमच्या विमानात ती सोय नाही."

"मग?"

"मी म्हणलं, सॉरी कशाला, लई चांगलं केलात."

म्हणजे नांदेडहून उडणाऱ्या ज्या विमानाकडे मी गच्चीवरून डोळे वर करून बघायचे, त्यात माझ्या सेमिनारचा विषयच नव्हता. सरांना हे सांगावं की नाही, यावर मी बराच वेळ विचार केला. अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी दवाखान्यातून पुन्हा फोन. आवाज तुटत होता. आई म्हणाली, "हितं भिंतीवर लिवलंय, फुकटचं वाय-फाय. दाजी म्हणतेत ते लावलं की तुला अक्काचं तोंड दिसंल. आत न्यायलेत तिला. लावू का?"

पासवर्ड नसलेलं, कुणाचं ते माहीत नसलेलं, सगळ्यांना उघडं नेट. त्याला जोडू नका म्हणून मी एक पूर्ण स्लाइड बनवली होती, लाल अक्षरांत.

"लाव," मी म्हणाले.

अर्धा पडदा आईच्या अंगठ्यानेच भरला होता. उरलेल्या अर्ध्यात हिरवी टोपी घातलेली अक्का होती. तिने आईचं मनगट धरलेलं होतं आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन तासांनी दाजींनी फोटो पाठवला. मुलगी. गुलाबी दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, इवल्याशा मनगटाला दवाखान्याची पट्टी. मी तो जसाच्या तसा वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मी मावशी झाले.'

पहिला निरोप सरांचा आला. 'अभिनंदन. पट्टीवर आईचं नाव, नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचा पत्ता वाचता येतोय. फोटो काढून टाक.'

मी काढून टाकला. तोपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता, आणि ती कुणासारखी दिसते यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले होते.