आप्पांचा सूर्य आणि गच्चीचं कुलूप

सेक्रेटरी सयाजीरावांचा मला राग येतोच, पण त्या अर्जावरची माझी सही आठवली की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात सिद्धाप्पा राहतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं माग दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. आप्पांनी दुर्बीण घेतली आणि सोसायटीला रीतसर विचारून गच्चीवर पत्र्याची खोली उभी केली. तिचं छप्पर भंगारातल्या चाकांवर सरकतं. रोज सकाळी साडेसातला दुर्बिणीच्या तोंडावर फिल्टर बसवून ते सूर्य बघायचे, त्याच्यावरचे डाग वहीत काढायचे, मग मोबाइल लावून फोटो. नऊ वर्षं, एकही दिवस न चुकता. कारखान्यात माग थांबला की कारण लिहावं लागे, ती सवय सुटली नव्हती. ढगाळ दिवशी वहीत असायचं: 'बंद. कारण: ढग.'

आमच्याकडचं ऊन सकाळीच स्लॅब तापवतं. गरम हवा वर उठते आणि दुर्बिणीतला सूर्य थरथरतो. म्हणून आप्पा भोवती ओल्या चादरी अंथरायचे.

मे महिन्यात नळाला पाच दिवसांनी पाणी, आणि टाकी तिसऱ्याच दिवशी खडखडीत. सयाजीरावांना ओल्या चादरी दिसल्या. झालं, चोर सापडला! मीटिंगमध्ये आप्पा उठले. "टाकीचं पानी न्हाय ओ ते..."

"बसा आप्पा, पुरे झाले तुमचे खेळ."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सयाजीरावांनी असं तोंडावर सुनावलं, आणि आम्ही बावीस शिकलेली माणसं माना खाली घालून बसलो. मी तर गच्ची बंद करायच्या अर्जावर सही केली, वर बाकीच्यांच्या सह्यांसाठी पर्समधलं पेन काढून दिलं. गच्चीला कुलूप लागलं.

दुसऱ्या सकाळी आप्पा माझ्या दारात. "ताई, लई मोठा डाग आलाय. कडंपासनं धरलाय मी त्याला. आठ दिसांत पल्याड जाईल. सकाळी धा मिनटं तेवढी गच्ची उघडा म्हणून सांगा की."

"बघते," म्हणाले मी. बघते कसली! ऑफिसच्या घाईत विसरून गेले.

नवव्या दिवशी प्लंबर आला. टाकीच्या बुडाशी पाइप फुटला होता, पाणी सरळ गटारात जात होतं. कुलूप लावूनही टाकी रिकामी होतेय, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. जिन्यात आप्पांच्या बायको अक्कम्मा भेटल्या. मी चादरींचं विचारलं, तशा उसळल्या.

"आंगुळीचं पानी व्हतं ते! टपात बसून आंगूळ करायचे, आन् तेच वर न्यायचे. नाकं न्हाईत व्हय तुमाला? साबनाचा वास येत नव्हता?"

येत होता. रोज येत होता.

किल्ली घेऊन मी गेले. सयाजीराव आले नाहीत. त्यांचं म्हणे बीपी वाढलं होतं. "आप्पा, चुकलं आमचं," मी म्हणाले. त्यांनी किल्ली घेतली आणि वही माझ्यापुढे टाकली. कुलूप लागायच्या सकाळी काढलेला डाग कडेपासून जेमतेम मध्याच्या अलीकडे आला होता. त्याखाली आठ दिवसांच्या आठ ओळी, सगळ्या सारख्याच:

'आकाश स्वच्छ. बंद. कारण: शेजारी.'