दाजींचा धरलेला श्वास

रविवारी सकाळी दाजी ओट्यावर बसल्या बसल्याच वारले. ताईला ते कळायला पाऊण तास लागला. "आहो, चहा थंडा व्हई गया," असे ती तीनदा म्हणाली आणि मग आत जाऊन भाकरी थापत बसली. तिची चूक नव्हती.

दाजींइतका न हलणारा माणूस साऱ्या खानदेशात झाला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. तळोद्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि सातपुड्यातल्या बिबट्याचा एक स्वच्छ फोटो काढावा, एवढाच त्यांचा ध्यास. पहाटेच्या मंद उजेडात कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात हात केसभर हलला तरी जनावराचा धूर होतो, असे ते सांगत. म्हणून घरी सराव चाले. काठोकाठ भरलेली बशी तळहातावर ठेवून ते शंभरापर्यंत मोजत. श्वास अर्धा सोडायचा, उरलेला धरायचा आणि काळजाच्या दोन ठोक्यांमध्ये बटण दाबायचे. ताई घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरी. डोळे न उघडता ते म्हणत, "जित्ता शे." पुढे पुढे तिने बोट धरणे सोडून दिले.

गिऱ्हाइकांनाही तीच शिस्त. एकदा तापीकाठचे एक गुजर कुटुंब फोटोला आले. दाजी काळ्या कापडाखालून "धरा" म्हणाले, तेवढ्यात कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी सरकली आणि ती नीट करताना "सोडा" म्हणायचे राहून गेले. लेकीसुनांनी गुपचूप श्वास घेतला. म्हातारबाबा शब्दाचे पक्के, ते निळे पडले. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "फोटो काढाले बलावं व्हतं का मारी टाकाले?"

दाजी रानात एकटे जात, याची ताईला फार धास्ती. एकदा ती हटूनच बसली, "एकला नका जाऊ. मास्तरले ल्ही जा." मास्तर म्हणजे मी. नंदुरबारला शाळेत शिकवायचो. बिबट्या मला पुस्तकातून ठाऊक. तेव्हा आपण अजून मुंबई राज्यात होतो.

पाणवठ्याजवळच्या झाडावर काठ्यांचा माचा बांधला होता. फांदीवर ज्वारीने भरलेली थैली आणि तिच्यात कॅमेरा रुतवलेला. दाजींनी स्वतःला उपरण्याने खोडाला बांधून घेतले. त्यांनी सगळ्याचा बंदोबस्त केला, फक्त माझा नाही.

उजाडताना बिबट्या आला. दगडापाशी काही नव्हते आणि मग तो होता. पाणी प्यायला, मान वर केली आणि थेट आमच्याकडे पाहिले. माझा गुडघा उडू लागला. माच्याच्या काठ्या करकरल्या, फांदी थरथरू लागली, थैलीतली ज्वारी सळसळली.

"मास्तर, हालू नको," दाजी ओठ न हलवता म्हणाले.

"मी नाही दाजी, गुडघा."

"मंग त्याले सांग."

बिबट्या झाडाखाली आला. त्याने एक पंजा खोडावर टेकला. माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला. तेव्हा दाजींनी डावा हात कॅमेऱ्यावरून काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. उजव्या हाताने बटण दाबले. बिबट्या वळला आणि गेला. हात मात्र ऊन अंगावर येईपर्यंत माझ्या गुडघ्यावर होता.

फोटोत एक धुराचा पट्टा उमटला. ताईने विचारले तेव्हा दाजी म्हणाले, "वारा व्हता." त्या पहाटे पानही हलत नव्हते. त्यानंतर ते दहा-बारा वर्षे रानात जात राहिले, एकटेच. बिबट्या पुन्हा दिसला नाही.

ताईने तो फोटो चौकटीत बसवून घेतला आहे. त्यात बिबट्या ओळखू येत नाही. तिला खरे काय झाले ते मी अजून सांगितलेले नाही.